राखीव दहा जागा आणि जनरल थोरात

गेल्या वर्षी भोर येथे माजी सैनिकांच्या सत्काराचा एक समारंभ झाला. प्रस्तुत लेखकास त्याचे निमंत्रण होते. व्यासपीठावर महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले आमचे काही वयोवृद्ध बौद्ध बांधव छातीवर पदके लावून बसले होते. कोणी भोर तालुक्यातील, तर कोणी वेल्ह्याकडील म्हणजे आता ज्यास राजगड तालुका म्हणतात तिकडील डोंगराळ भागातील होते. त्यांना शाल व नारळ देऊन झाल्यावर एक विद्वान वक्ते उठले. त्यांनी सैन्याची स्तुती केली, ती योग्यच होती. परंतु त्या स्तुतीच्या शेपटाला त्यांनी एक विंचू बांधला. ते म्हणाले की, आपल्या सैन्यात राखीव जागा नाहीत म्हणूनच ते शाबूत आहे. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल थोरात हे काही सवलतीच्या कुबड्यांवर मोठे झाले नाहीत, ते शुद्ध लायकीवर मोठे झाले.

या वाक्यावर टाळ्या पडल्या. दुःखाची गोष्ट अशी की, टाळ्या देणाऱ्यांत आमचीही माणसे होती. नुकतीच दीक्षा घेतलेल्या एका कुटुंबातील कॉलेजात जाणारा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. त्याने टाळी दिली नाही, मान मात्र खाली घातली. सभा संपल्यावर तो मला हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, यांचं म्हणणं खरं आहे का?" त्याला तेथे उभ्याउभ्या जे सांगता आले नाही ते येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, आमचा वाद जनरल थोरातांशी मुळीच नाही. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे आधुनिक महाराष्ट्राने हिंदी सैन्यास दिलेल्या अत्यंत कर्तबगार सेनानींपैकी एक होत. १९०६ साली कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे त्यांचा जन्म झाला आणि १९९२ साली ते वारले. त्यांची लायकी वादातीत आहे. आमचा वाद आहे तो त्यांच्या नावाची ढाल पुढे करून आमच्या मुलांवर वार करणाऱ्यांशी. वकिलीच्या धंद्यात एक नियम आम्ही फार लवकर शिकतो. प्रतिपक्षाने ज्या साक्षीदाराचे नाव घेतले त्याचाच उलटतपास प्रथम घ्यावा. म्हणून जनरल थोरातांचे चरित्रच आपण साक्षीस बोलावू.

थोरात अधिकारी कसे झाले? ते इंग्लंडातील सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयात शिकले व १९२६ साली त्यांना अधिकारपद मिळाले. आता सँडहर्स्टचे दार हिंदी मुलास केव्हा व कसे उघडले ते पाहा. पहिल्या महायुद्धापर्यंत ते दार बंदच होते. लक्षावधी हिंदी शिपाई फ्रान्स व मेसोपोटेमिया येथे लढले, तरीही हिंदी मनुष्य सेनापतीच्या परंपरेत बसूच शकत नाही असा साहेबी सिद्धान्त होता. युद्धातील या सेवेनंतर आणि देशात राजकीय मागणीचा जोर वाढल्यावर १९१८ पासून सँडहर्स्टमध्ये दरसाल दहा जागा हिंदी उमेदवारांसाठी बाजूला काढण्यात आल्या. वाचकहो, बाजूला काढण्यात आल्या! मराठीत याला राखीव जागा म्हणतात. या दहा जागांसाठी हिंदी मुलगा इंग्रज मुलाशी स्पर्धा करीत नसे. त्या जागा त्याच्याच म्हणून ठेवलेल्या होत्या आणि थोरातांच्या पिढीतील सँडहर्स्टचे हिंदी अधिकारी त्याच दरवाजाने आत गेले.

एवढ्यावरही भागले नाही. या मुलांना इंग्रजी शाळांतील मुलांसारखी तयारी नसते हे ध्यानात आल्यावर १९२२ साली देहरादून येथे प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या नावाने एक खास लष्करी शाळा काढण्यात आली. सँडहर्स्टच्या प्रवेशासाठी हिंदी मुलांना लहानपणापासून तयार करणे हा तिचा उद्देश होता. म्हणजे प्रथम राखीव जागा आणि मग त्या भरण्यासाठी खास शिकवणी. आज आमच्या वसतिगृहांना व शिष्यवृत्त्यांना नाके मुरडणाऱ्यांनी ही शाळा एकदा आठवावी.

आणि आत गेल्यावर तरी काय झाले? १९२३ साली सरकारने ठरविले की, हिंदी अधिकारी सगळ्या सैन्यात पाठवावयाचे नाहीत. फक्त आठ पलटणी व रिसाले त्यांच्यासाठी निराळे काढावयाचे. कारण काय, तर एरव्ही एखाद्या इंग्रज अधिकाऱ्यास हिंदी वरिष्ठाच्या हुकमाखाली काम करण्याचा प्रसंग येईल. आम्हाला हे कारण समजावून सांगण्याची गरज नाही. गावाच्या विहिरीपाशी व शाळेच्या पडवीत आमच्या पूर्वजांनी ते पिढ्यान् पिढ्या ऐकले आहे. थोरात ज्या पहिल्या चौदाव्या पंजाब पलटणीत रुजू झाले ती त्या आठांपैकीच एक होती. (पुढे पाकिस्तानचा हुकूमशहा झालेला अयूबखान याच पलटणीत त्यांच्याबरोबर होता, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.) वर्णाभिमान गोऱ्या कातडीत शिरला म्हणजे तो कसा दिसतो याचा अनुभव उच्चवर्णीय व सधन घराण्यांतील हिंदी तरुणांना त्या मेसमध्ये आला. तो त्यांना झोंबला हे स्वाभाविकच होते. परंतु ज्यांना तो झोंबला त्यांपैकी कितीजणांना स्वतःच्या गावाची वेस आठवली, हा प्रश्न आम्हाला विचारावासा वाटतो.

येथे प्रतिपक्ष एक हरकत घेईल. तो म्हणेल, त्या जागा परक्या राज्यकर्त्यांकडून देशासाठी मिळविलेल्या होत्या, त्या जातीसाठी नव्हत्या. हरकत ऐकून घेऊ. परंतु राखीव जागेने लायकी मरते हा जर निसर्गनियम असेल, तर ती जागा देशाच्या नावाने राखलेली आहे की जमातीच्या नावाने, याची निसर्गास काय चौकशी? दहा जागांनी थोरात, थिमय्या व त्यांचे सहकारी निकृष्ट झाले नाहीत. मग शंभरातील ठरावीक जागांनी आमचा मुलगा तेवढा निकृष्ट होतो हे कोणत्या शास्त्राने ठरविले? खरे असे आहे की, राखीव जागा माणसास दारातून आत घेते. पुढचे युद्ध त्याचे त्याला लढावे लागते.

आणि थोरातांनी ते लढून दाखविले. १९४५ च्या जानेवारीअखेर ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ येथे जपान्यांशी घनघोर लढाई झाली. तेथील एक्कावन्नाव्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते: थिमय्या, सेन व थोरात. थोरातांच्या हाताखाली दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण होती. या लढाईबद्दल तिघांनाही डी. एस. ओ. हे मानाचे पदक मिळाले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांना नेतृत्व जमणार नाही असे शास्त्र सांगत होते, त्यांनी ते शास्त्र चिखलात गाडले.

पुढे १९५३ साली कोरियाचे युद्ध थांबले तेव्हा मायदेशी परत जाण्यास तयार नसलेल्या बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन युद्धकैद्यांना तटस्थ ताब्यात ठेवण्याची जबाबदारी भारताने घेतली. त्यासाठी गेलेल्या सुमारे सहा हजार हिंदी जवानांच्या दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात होते. कैद्यांनी एका हिंदी अधिकाऱ्यास आपल्या छावणीत पकडून ओलीस ठेवले. गोळी चालविली असती तर शेकडो मेले असते आणि तटस्थतेचे नावही उरले नसते. थोरात निःशस्त्र असे त्या खवळलेल्या जमावात गेले, बोलले आणि आपल्या माणसास सोडवून बाहेर आले. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा, म्हणजे आज ज्यास कीर्तिचक्र म्हणतात ते देण्यात आले. हातात सत्ता व शस्त्र दोन्ही असता त्यांचा उपयोग न करणे याला जे धैर्य लागते त्याचे मोल बुद्धाच्या उपासकांस वेगळे सांगावयास नको.

आता आपल्या वक्त्यांच्या सिद्धान्ताची दुसरी बाजू तपासू. सैन्यात शुद्ध लायकीच वर जाते असे ते म्हणाले. १९५७ पासून थोरात लखनौ येथे पूर्व विभागाचे सरसेनापती होते. ईशान्य सीमेचे रक्षण त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी तेथील स्थिती अभ्यासून १९५९ साली दिल्लीस लेखी अहवाल पाठविला. चीनने हल्ला केल्यास आहे त्या बळावर सीमा धरता येणार नाही, सीमेवरच्या तुटक ठाण्यांवर विसंबू नये, मागे भक्कम जागा धरून लढावे, असा त्याचा आशय होता. १९६० च्या मार्चमध्ये त्यांनी लखनौ येथे 'लाल किल्ला' या नावाचा लष्करी सराव घेऊन हीच गोष्ट वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर मांडली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्या इशाऱ्याची किंमत केली नाही. १९६१ साली सरसेनापती थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरातांस नेमावे अशी त्यांची शिफारस होती. सरकारने जनरल प्राणनाथ थापर यांस नेमले. ज्येष्ठता थापरांच्या बाजूने होती, असे त्या नेमणुकीचे समर्थन करण्यात येते. त्याच वर्षी थोरात गणवेश उतरवून घरी आले.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. १९६२ च्या २० ऑक्टोबर रोजी चिनी फौजा आल्या आणि महिन्याभरात ईशान्य सीमेवरील आपला बचाव कोसळला. थापरांनी राजीनामा दिला, मेननांस जावे लागले. पंडित नेहरूंनी थोरातांस बोलावून घेतले आणि तो जुना अहवाल आपल्यास का दाखविला गेला नाही असे विचारले, असे थोरातांनी लिहून ठेवले आहे. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९८६ साली प्रसिद्ध झाले. ज्यास इंग्रजी येते त्याने ते अवश्य वाचावे.

मग आम्ही आमच्या विद्वान वक्त्यांस विचारतो, महाशय, तुमची शुद्ध लायकी १९६१ साली कोठे गेली होती? त्या निवडीत राखीव जागा नव्हती. महार नव्हता, मांग नव्हता, बौद्ध नव्हता. दिल्लीच्या त्या खोलीत आमच्यापैकी कोणाचाही पाय नव्हता. तरीही प्रत्यक्ष सरसेनापतीने ज्याची शिफारस केली तो मागे राहिला, आणि त्याचा इशारा फायलीत पडून राहिला. देशाने त्याची किंमत जवानांच्या रक्ताने मोजली. आमच्या एखाद्या तरुणास पाच गुण कमी पडले तर देश बुडाला अशी हाकाटी करणाऱ्यांनी, देश खरोखर बुडण्याच्या बेतास आला तेव्हा निवड कोणी केली होती, याचाही एकदा जमाखर्च मांडावा.

थोरातांच्या उत्तरायुष्याची हकीकत तर याहूनही बोधक आहे. ते महाराष्ट्र राज्य लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. मामलेदार, डेप्युटी कलेक्टर निवडणारी ही संस्था. वकील म्हणून येथे थोडे थांबणे मला भाग आहे. राज्यघटनेच्या ३१६ व्या अनुच्छेदाप्रमाणे या आयोगाच्या अध्यक्षाची व सदस्यांची नेमणूक राज्यपाल करतात. तिला परीक्षा नाही, गुणपत्रिका नाही. सदस्यांपैकी शक्य तितके निम्मे दहा वर्षे सरकारी सेवा केलेले असावेत, एवढीच अट. याचा अर्थ असा की, सर्व राज्याची लायकी मोजणारा मनुष्य स्वतः कोणत्याही तराजूत बसून तेथे येत नाही. त्याचा अनुभव, त्याचे शील व त्याची सेवा पाहून त्यास विश्वासाने बोलावले जाते. थोरातांस बोलावले हे उत्तमच झाले. परंतु माणसाची योग्यता तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेबाहेरही असते हे तत्त्व एका जनरलास लागू होते, तर डोंगरावरच्या वाडीतून पायपीट करीत शाळा गाठून शिकलेल्या मुलास ते का लागू होऊ नये? आणि घटनेच्या ३२० व्या अनुच्छेदाच्या चौथ्या खंडात स्पष्ट म्हटले आहे की, मागासलेल्या वर्गांसाठी जागा कशा राखावयाच्या याबाबत आयोगाचा सल्ला घेण्याचे शासनावर बंधन नाही. घटनाकारांनी तो प्रश्न परीक्षकांच्या मर्जीवर सोडलेला नाही. त्या घटनाकारांत प्रमुख कोण होते हे या पाक्षिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

एकटे थोरातच नव्हेत. करिअप्पा ऑस्ट्रेलियात हायकमिशनर झाले, थापर अफगाणिस्तानात राजदूत झाले. महार रेजिमेंटमधून पुढे आलेले जनरल कृष्णराव १९८१ ते १९८३ या काळात सरसेनापती होते, नंतर ते नागालँड, मणिपूर, त्रिपुरा व जम्मू-काश्मीर येथे राज्यपाल झाले. १९८६ साली सरसेनापती झालेले जनरल सुंदरजी हेही मूळचे महार रेजिमेंटचेच. आमच्या नावाच्या पलटणीने देशास दोन सरसेनापती दिले! याचा आम्हास अभिमान आहे. पण ते दोघेही आमच्या वस्तीतील नव्हते, हेही सत्य आहे आणि ते बोलून दाखविण्यात कोणाचा अवमान नाही.

आता दुसरे चित्र पाहा. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांनी लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून चौदा वर्षे काम केले. सैन्यात त्यांच्यासारख्या सुभेदाराच्या वर कालचा आलेला कोवळा गोरा लेफ्टनंटही बसत असे. पेन्शन घेऊन बाहेर पडल्यावर त्यांना सातारा जिल्ह्यात सरकारी कामावर स्टोअरकीपरची नोकरी धरावी लागली. त्यांच्या मुलास शाळेत गोणपाटावर निराळे बसावे लागले. जनरलचे उत्तरायुष्य राजभवनात आणि सुभेदाराचे उत्तरायुष्य कोठारात. आणि ही सुभेदारीची वाटदेखील १८९२ च्या सुमारास बंद करण्यात आली. लढाऊ जातींचे एक थोतांड उभे करून महारांची भरतीच थांबविली. गोपाळबाबा वलंगकर व पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी झाली, गरज सरताच १९२१ साली ती मोडली. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते; त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. थोरातांना सँडहर्स्टमध्ये राखीव जागा मिळाली त्या वेळी आमच्या आजोबांस साधा शिपाई होण्यासही बंदी होती, हे तारखा लावून पाहिल्यास कोणासही दिसेल.

स्वातंत्र्यानंतरचा एक कायद्याचा भाग नवदीक्षित कुटुंबांनी ध्यानात ठेवावा, कारण याबाबत माझ्याकडे वारंवार विचारणा होते. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्यांस महाराष्ट्र राज्याने आपल्या सवलती चालू ठेवल्या. तथापि केंद्र सरकारच्या लेखी बौद्ध हा अनुसूचित जातीचा राहिला नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! एक अख्खी पिढी दिल्लीच्या दारापाशी वयाची मर्यादा ओलांडून गेली. आज तशी स्थिती नाही. दीक्षा घेतली म्हणून अनुसूचित जातीचा दाखला जातो अशी भीती कोणी घालीत असेल तर ती निराधार आहे. धर्म बौद्ध लिहावा, पूर्वीच्या जातीचा पुरावा जपून ठेवावा आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेळीच काढून घ्यावा. फॉर्मची मुदत दोन दिवसांवर आली असता कचेरीत धावणारे पालक मी दरवर्षी पाहतो व मला त्यांचा राग येतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. अधिकारी होण्याच्या परीक्षेत राखीव जागा नाहीत, एवढे वक्त्यांचे म्हणणे खरे आहे. वेल्ह्याहून पानशेतमार्गे पुण्यास जाणारा प्रत्येकजण खडकवासल्याच्या पाण्यापलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर पाहतो. १९४९ साली नेहरूंनी तिची कोनशिला बसविली. पंच्याहत्तर वर्षे आम्ही ती बाहेरून पाहत आहोत. तिची लेखी परीक्षा नऊशे गुणांची: गणिताचे तीनशे, सामान्य ज्ञान व इंग्रजीचे सहाशे. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नाही. आणि त्यानंतर निवड मंडळापुढील मुलाखतीस व कसोट्यांस पुन्हा नऊशे गुण. म्हणजे निम्मी लायकी कागदावर आणि निम्मी बोलण्याचालण्यावर! ज्या घरात तीन पिढ्या इंग्रजी बोलली जाते त्या घरातील मुलगा ते निम्मे बरोबर घेऊनच येतो. याला राखीव जागा म्हणत नाहीत एवढेच.

परंतु देहरादूनच्या शाळेसारखी एक शिडी आपल्या शेजारी आहे आणि तिच्याकडे आमच्या लोकांचे लक्ष नाही. थोरात निवृत्त झाले त्याच वर्षी, १९६१ च्या २३ जून रोजी, साताऱ्यास देशातील पहिली सैनिक शाळा निघाली. मुलांना प्रबोधिनीसाठी तयार करणे हाच तिचा हेतू. सहावीत व नववीत प्रवेशपरीक्षा देऊन तेथे जाता येते आणि तेथे अनुसूचित जातीसाठी शेकडा पंधरा जागा राखीव आहेत. भोरहून सातारा कितीसे लांब आहे? आता मुलींनाही सैनिक शाळेत प्रवेश मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ सालच्या आदेशानंतर प्रबोधिनीचेही दार मुलींस उघडले, आणि २०२५ च्या मे महिन्यात सतरा मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली.

याउलट आमच्या तालुक्यांतील बहुतेक तरुण बारावीनंतर थेट भरतीच्या मैदानावर धावताना दिसतात. शिपाईगिरीस आम्ही कमी लेखीत नाही; आमचे वाडवडील तेच होते. परंतु २०२२ पासून अग्निवीराची मुदत चार वर्षांची आहे. चौघांतील जास्तीत जास्त एकास पुढे ठेवतात. उरलेल्या तिघांस सुमारे ११.७१ लाख रुपये देऊन घरी पाठवितात, पेन्शन नाही. सत्काराला बसलेले आमचे ते वृद्ध बांधव ज्या पेन्शनीवर मुलांस शिकवू शकले ती पेन्शन या नातवांस मिळणार नाही. पंचविसाव्या वर्षाच्या आत हा मुलगा गावी परत येईल तेव्हा त्याचे उत्तरायुष्य कोणते? त्याच्यासाठी आयोगाचे अध्यक्षपद राखून ठेवलेले नाही.

सबब माझी दोन्ही तालुक्यांतील विहारसमित्यांस सूचना आहे. मुलगा किंवा मुलगी पाचवीत गेली की सैनिक शाळेचा अर्ज कोणी भरावयाचा हे विहारात नाव घेऊन ठरवावे. भोरला निवृत्त गणिताचे शिक्षक आहेत. त्यांच्यापैकी दोघांशी मी बोललो आहे व रविवारी दोन तास देण्यास ते कबूल आहेत. दाखल्यांची कागदपत्रे घेऊन पालकांनी माझ्याकडे शनिवारी सायंकाळी यावे. या कामाची फी मी घेत नाही. त्या दिवशी मान खाली घातलेला मुलगा आता प्रबोधिनीच्या वयातून गेला आहे, परंतु पदवीनंतरची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा त्यास खुली आहे. त्याची धाकटी बहीण चौथीत आहे. तिचे नाव मी यादीत पहिले लिहिले आहे.